वाचकांचे प्रश्न: पिकअपवरची केबिन आणि डिझेल हीटर

प्रश्न (पुणे): इसुझु व्ही-क्रॉसच्या हौद्यावर बसणारी, काढता-घालता येणारी फायबरची केबिन करून घेतली आहे. फेब्रुवारीत लडाखला जायचे आहे. २ किलोवॅटचा हीटर पुरेल की ५ किलोवॅटचा घ्यावा? दुकानदार म्हणतो, किमतीत फारसा फरक नाही, मोठाच घ्या.

उत्तर: २ किलोवॅटचाच घ्या. हिशोब साधा आहे. केबिन २.४ मीटर लांब, १.८ रुंद आणि १.८ उंच धरली, तर भिंती, छत आणि तळ मिळून सुमारे २४ चौरस मीटर होतात. भिंतीत २५ मिलिमीटर फोम असेल, तर आत-बाहेर एका अंशाचा फरक असताना दर चौरस मीटरमधून साधारण १.१ वॅट उष्णता निघून जाते. बाहेर उणे १५ आणि आत २० अंश, म्हणजे फरक ३५ अंशांचा. एकूण गळती ९०० वॅटच्या आसपास. खिडक्या आणि श्वासासाठी ठेवलेली फट यांचे ३०० वॅट धरले तरी १२०० वॅटमध्ये काम भागते.

५ किलोवॅटचा हीटर अशा केबिनमध्ये रात्रभर सगळ्यात मंद आचेवर घुटमळत राहतो. डिझेल मंद आचेवर नीट जळत नाही. ज्वलनकक्षात आणि ग्लो प्लगच्या (तापून डिझेल पेटवणाऱ्या कांडीच्या) जाळीवर काजळी बसते आणि काही आठवड्यांत तो पेटायचाच बंद होतो. लहान हीटर घ्यावा आणि त्याला भरपूर पळवावे, हे सूत्र पक्के धरा. फोम मात्र खरोखर २५ मिलिमीटरचा आहे ना, हे पाहून घ्या. नुसत्या फायबरच्या भिंती असतील, तर पैसे आधी तिथे घाला.

प्रश्न (नाशिक): हीटर केबिनच्या तळावर बसवून धुराची नळी खाली काढायची, असे सगळ्या व्हिडिओंत दाखवतात. आमची केबिन पिकअपच्या हौद्यात बसते. तसेच करायचे का?

उत्तर: नाही. ते व्हिडिओ व्हॅनचे असतात. व्हॅनच्या तळाखाली थेट रस्ता असतो, तुमच्या तळाखाली हौदा आहे. केबिन आणि हौदा यांच्यामधल्या फटीत धूर साचला, तर तो केबिनच्या तळातल्या भोकांतून वर येतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेल्या माणसाला तो कळतही नाही. हौद्याला भोक पाडून नळी खाली नेली, तर केबिन उतरवताना दर वेळी ती सोडवावी लागते आणि परत जोडताना सांधा ढिला राहतो.

हीटर बाजूच्या भिंतीलगत, हौद्याच्या काठापेक्षा वरच्या पातळीवर बसवा. त्याच्यासाठी पत्र्याचा वेगळा कप्पा करा. कप्पा राहत्या भागाकडून पूर्ण बंद, बाहेरच्या बाजूने जाळी लावून उघडा. धुराची नळी, ज्वलनासाठी हवा ओढणारी नळी आणि डिझेलची नळी अशा तिन्ही नळ्या हीटरच्या बुडातून निघतात. त्या या कप्प्यातच उतरल्या पाहिजेत. हीटरचे बूड आणि कप्प्याचा पत्रा यांच्यामध्ये सोबत आलेले गास्केट बसवा, नट एकाआड एक आवळा. धुराच्या नळीचा एकही सांधा राहत्या भागात नको, यावर तडजोड करू नका.

भिंतीतून नळी बाहेर काढताना बोटींवर वापरतात तसे दुहेरी भिंतीचे स्टेनलेस फिटिंग लावा. या नळीचा पृष्ठभाग काहीशे अंशांपर्यंत तापतो. फायबर आणि फोमला तिचा स्पर्श झाला, तर आधी वास येतो आणि मग आग लागते. भोकाभोवतीचा फोम चारही बाजूंनी ३-४ सेंटीमीटर कोरून काढा आणि ती कड पत्र्याने मढवा. २ किलोवॅटच्या हीटरला धुराची नळी आतून २४ मिलिमीटरची लागते. लांबी दोन मीटरच्या आत ठेवा, काटकोनी वळणे तीनपेक्षा जास्त नकोत. उतार बाहेरच्या दिशेने द्या आणि मध्ये झोळ पडू देऊ नका. झोळ टाळता येणार नसेल, तर सर्वात खालच्या जागी ४ मिलिमीटरचे भोक पाडा. नाहीतर धुरातले पाणी तिथे साचते, रात्री गोठते आणि सकाळी हीटर पेटत नाही. त्या भोकातून थोडा धूरही निघतो, म्हणून ते बाहेरच्या उघड्या हवेत यायला हवे. धुराचे तोंड पुढच्या दिशेला नको आणि उघडणाऱ्या खिडकीखाली तर मुळीच नको. हवा ओढणारी नळी त्याच्यापासून शक्य तितकी लांब न्या.

उशीच्या उंचीवर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा. तो कॅरव्हॅनसाठीच्या ईएन ५०२९१-२ या मानकाचा असावा, घरगुती अलार्म गाडीच्या धक्क्यांसाठी बनवलेला नसतो. बर्फ पडत असेल तर झोपण्याआधी बाहेर जाऊन धुराचे तोंड मोकळे आहे ना, ते हाताने चाचपा. मात्र हे हीटर पेटवण्याआधी करा.

प्रश्न (कोल्हापूर): डिझेलचा पंप टिकटिक करतो, पण हीटर पांढरा धूर सोडून बंद पडतो. तीन-चार वेळा परत चालू केल्यावर कधीतरी पेटतो.

उत्तर: पांढरा धूर म्हणजे न जळलेले डिझेल. बहुतेक वेळा दोष नळीत असतो, हीटरमध्ये नाही. किटसोबत येणारी हिरवी मऊ नळी काढून टाका. पंपाच्या प्रत्येक ठोक्याला ती फुगते आणि आकसते, त्यामुळे डिझेल मोजून पोहोचत नाही. आतून १.५ ते २ मिलिमीटरची कडक नायलॉन नळी घाला. सांध्यावर नायलॉनची दोन टोके काटकोनात कापून एकमेकांना टेकवा आणि वरून रबराचा तुकडा चढवा. टोकांमध्ये फट राहिली की तिथे हवेचा बुडबुडा थांबतो, आणि तो पुढे सरकला की ज्योत विझते. पंप टाकीजवळ, रबरी पट्ट्यात, निघणारे तोंड वर करून तिरका बसवा. आडवा ठेवला तर हवा आतच अडकते.

मग माप घ्या. नळी हीटरकडून सोडवा, टोक ५ मिलीच्या इंजेक्शनच्या सिरिंजमध्ये धरा आणि पंप चालवून २०० ठोके मोजा. पंपावर २२ मिली लिहिले असेल, तर तो आकडा हजार ठोक्यांचा असतो. म्हणजे तुम्हाला ४.४ मिलीच्या आसपास डिझेल मिळायला हवे. चार मिलीपेक्षा कमी मिळाले तर फिल्टर तुंबला आहे किंवा पंपाच्या आधीच्या सांध्यातून हवा ओढली जाते आहे.

‘कधीतरी पेटतो’ म्हणून पुन्हा पुन्हा चालू करणे घातक आहे. प्रत्येक फसलेल्या प्रयत्नातले डिझेल कक्षात साचते आणि शेवटी सगळे एकदम पेट घेते. दोनदा पेटला नाही तर थांबा. ग्लो प्लग काढा, त्याच्या भोवतीची जाळी बघा. काळी झाली असेल तर नवी घाला, ती स्वस्त असते.

प्रश्न (पुणे): लेहमध्ये हीटर चालतच नाहीत, असे ऐकतो. खरे आहे का?

उत्तर: चालतात, पण सपाटीवरच्या सेटिंगवर नाही. लेह सुमारे ३,५०० मीटरवर आहे. तिथे हवेची घनता समुद्रसपाटीच्या साधारण ७० टक्के असते. लडाखमधल्याच हानलेची वेधशाळा सुमारे ४,५०० मीटरवर, तिथे ती ६३ टक्क्यांवर येते. पंखा तेवढाच फिरतो, पंप तेवढेच डिझेल देतो, पण ते जाळायला प्राणवायू अपुरा पडतो. परिणाम काळा धूर आणि काजळी.

उंचीचा सेन्सर असलेला हीटर डिझेल आपोआप कमी करतो. विकत घेताना त्याची कमाल उंची किती लिहिली आहे, ते आधी वाचा. सेन्सर नसेल आणि कंट्रोलरवर पंपाचा वेग बदलता येत असेल, तर तो हवेच्या प्रमाणात कमी करा. वरचा वेग सेकंदाला ५ ठोके असेल, तर लेहला ३.५ ठेवा. मग २ किलोवॅटचा हीटर १.४ देईल. तुमची गरज १.२ आहे. तिथे मंद आचेवर चालवू नका आणि बंद करण्याआधी वीस मिनिटे पूर्ण आचेवर ठेवा. खाली उतरल्यावर मूळ आकडे परत भरायचे, म्हणून ते कागदावर लिहून कंट्रोलरशेजारी चिकटवा.

दुसरी अडचण डिझेलची. पुण्यात भरलेले डिझेल लडाखच्या थंडीत मेणासारखे घट्ट होते आणि फिल्टर बुजतो. इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे हिवाळी डिझेल आणले. हीटरच्या टाकीतले जुने डिझेल वाटेतच संपवा आणि वर पोहोचल्यावर हे भरा. रेशनचे निळे रॉकेल मिसळायचा सल्ला कोणी दिला, तर ऐकू नका. ते त्या कामासाठी वापरणे कायद्याने गुन्हा आहे.

प्रश्न (कॅल्गरी, कॅनडा): आमचा फोर्ड एफ-१५० पेट्रोलवर चालतो. केबिनमध्ये हीटर कसा चालवायचा? शिवाय बॅटरी भरलेली असूनही तो कमी व्होल्टेज दाखवून बंद पडतो.

उत्तर: केबिनला स्वतःची १० लिटरची डिझेल टाकी द्या, तीही बाहेरून उघडणाऱ्या कप्प्यात. ट्रक डिझेलवर असता तरी हेच सांगितले असते, कारण केबिन उतरवल्यावरही हीटर चालला पाहिजे. २ किलोवॅटचा हीटर तासाला ०.१२ ते ०.२४ लिटर पितो, त्यामुळे दहा तासांच्या चार ते आठ रात्री निघतात.

व्होल्टेजचे उत्तर वायरीत आहे. पेटताना ग्लो प्लग सुमारे १० अँपिअर ओढतो. बॅटरी पाच मीटर लांब असेल, तर जाऊन-येऊन दहा मीटर वायर होते. १.५ चौरस मिलिमीटरच्या वायरीत तिथे १.२ व्होल्ट हरवतात, ४ चौरस मिलिमीटरच्या वायरीत अर्ध्या व्होल्टपेक्षा कमी. जाड वायर थेट बॅटरीवरून घ्या, बॅटरीलगत १५ अँपिअरचा फ्यूज लावा. सोलर कंट्रोलरच्या (सोलर पॅनेलवरून बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राच्या) लोडच्या टोकाला हीटर जोडू नका. त्याने मध्येच वीज तोडली, तर पंखा थांबतो आणि तापलेला कक्ष आतून भाजून निघतो. बंद करताना नेहमी हीटरचेच बटण वापरा आणि पंखा पाच मिनिटांत आपोआप थांबेपर्यंत मुख्य स्विचला हात लावू नका.

लिथियम बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज करता येत नाही. ती केबिनच्या उबदार भागात ठेवा.

प्रश्न (ठाणे): आठ महिने हीटर लागतच नाही. काही करावे लागते का?

उत्तर: महिन्यातून एकदा, मोकळ्या जागेत, पूर्ण आचेवर वीस मिनिटे चालवा. उन्हाळ्यात थर्मोस्टॅट आच लगेच कमी करतो, म्हणून तापमानावर न ठेवता पंपाच्या वेगावर चालवा आणि दारे उघडी ठेवा.