"प्रिंटरमधूनच काढलंय ना, मग एवढं महाग कशाला?" असं फाइन आर्ट फोटोचा प्रिंट विकत घेणाऱ्याने विचारलं, तर काय सांगावं?

तुमच्या गिऱ्हाइकाचं काही चुकत नाही. बटण दाबलं की कागद बाहेर येतो, हे त्याने घरी पाहिलेलं असतं. म्हणून त्याच्यासमोर 'म्युझियम क्वालिटी', 'झिक्ले' असले शब्द नाचवू नका. इंकजेट प्रिंटसाठीचा 'झिक्ले' हा शब्दच मुळी १९९१ साली घडवला गेला, तो 'इंकजेट' हे नाव टाळायला!

मी माझे नापास प्रिंट फेकत नाही, टेबलाच्या खणात ठेवतो. हा प्रश्न आला की ते काढतो. धुक्यातल्या झाडांचा एक फोटो आहे. पहिल्या प्रिंटमध्ये काळा इतका गच्च बसलाय की खोडाची साल दिसतच नाही. दुसऱ्यात सावल्या उजळल्या, साल दिसली, पण धुकं जांभळट झालं. तिसऱ्यात रंग जमले, कागद मात्र चकचकीत, आणि धुक्याला चमक शोभत नाही. चौथा कॉटनच्या मॅट कागदावरचा, विकायचा. चारही शेजारी मांडतो आणि गप्प बसतो. बहुतेक जण आपणहून चौथा उचलतात. त्यानंतर किंमतीवरून फारशी घासाघीस होत नाही.

टिकण्याबद्दल मात्र जपून बोला. सुरुवातीच्या डिजिटल प्रिंटांत डाय शाई (विरघळलेल्या रंगाची) असायची, तिचे रंग लवकर उडायचे; तो बट्टा अजून पुसलेला नाही. आताची पिगमेंट शाई (न विरघळणाऱ्या बारीक रंगकणांची) उजेडाला सहज दाद देत नाही. कागदाचं तर तिथल्या तिथे दाखवता येतं: यूव्ही टॉर्च मारा. निळसर चमकला तर त्यात ब्राइटनर, म्हणजे कागद जास्त पांढरा दाखवणारं रसायन आहे, म्हणजे आजचा पांढराशुभ्रपणा पुढे ओसरणार. पण 'शंभर वर्षं काही होत नाही' असं छातीठोकपणे सांगू नका. ते आकडे प्रखर दिव्याखाली चाचणी घेऊन काढलेले अंदाज असतात. भिंतीवर रोज ऊन पडत असेल तर कुठलीही शाई हरते.

खरा अवघड प्रश्न पुढचा: "फाइल तुमच्याकडेच आहे, उद्या हजार काढाल." हे निगेटिव्हच्या काळातही होतं. अमेरिकन फोटोग्राफर अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांनी 'मूनराइज, हर्नांडेझ' या १९४१ च्या एकाच फोटोचे हजाराच्या वर प्रिंट काढले, पुढे पुढे आकाश अधिकाधिक काळं करत, आणि तरीही ते भारी किंमतीला विकले जातात. पण तुम्ही-आम्ही अ‍ॅडम्स नाही. आपल्याला लिहूनच द्यावं लागतं: एकूण किती प्रिंट, कुठल्या साइझमध्ये, कुठल्या कागदावर.

यात मी स्वतः एकदा तोंडघशी पडलोय. पंचवीसची एडिशन, म्हणजे ठरवून दिलेले पंचवीस प्रिंट, संपली आणि तोच फोटो मी मोठ्या साइझमध्ये काढून विकला. जुन्या गिऱ्हाइकाने शांतपणे विचारलं, "मग माझा पंचवीसांतला सातवा, की आता कितवा?" सर्टिफिकेटवर साइझचा उल्लेखच नव्हता. मी त्याला पैसे परत देऊ केले. त्याने ते घेतले नाहीत, पण पुन्हा कधी आलाही नाही.