अंगणवाडी सेविकांसाठी ॲप बनवतोय. त्यांना चाचणीच्या वेळी बोलावलं तर चालेल का?

नाही चालणार. चाचणीपर्यंत सगळे स्क्रीन ठरून गेलेले असतात. मग सेविकेनं काहीही सांगितलं तरी उत्तर एकच, "पुढच्या आवृत्तीत बघू."

ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या सेविकांनी सरकारी मोबाइल परत केले. २ जीबी रॅमचे फोन, त्यावर पोषण ट्रॅकर हे केंद्र सरकारचं नोंदींचं ॲप, तेही इंग्रजीत. "बायकांना तंत्रज्ञान जमत नाही, प्रशिक्षण वाढवा" म्हणणारे आजही भेटतात. मला हे साफ अमान्य आहे. गावातल्या प्रत्येक पोराचं वजन वर्षानुवर्षं रजिस्टरात चोख लिहिणाऱ्या बाईला ॲप जमत नसेल, तर ॲप चुकलंय.

कोड लिहिण्याआधी वजनाच्या दिवशी अंगणवाडीत जाऊन बसा. झोळीतलं मूल रडत असतं, सेविकेचा एक हात त्याच्या पाठीशी, नजर काट्यावर. फोन पिशवीतच राहतो. आकडा आधी वहीत जातो आणि ॲपमध्ये संध्याकाळी. म्हणजे तुमचा फॉर्म वहीच्या ओळीच्या क्रमानंच हवा. ७.२ चं ७२ झालं तर ॲपनं तिथेच पुन्हा विचारावं.

'बाळाचं नाव' सक्तीचं करू नका. बारशाआधी नाव नसतंच, मग सेविका आईचं नाव टाकते आणि पुढे एकाच मुलाच्या दोन नोंदी होतात. पहिलं बाळंतपण बहुधा माहेरी होतं, पण गरोदरपणाची नोंद सासरच्या अंगणवाडीत. बीडकडची ऊसतोडीची कुटुंबं दिवाळीच्या आगेमागे गाव सोडतात, ती मुलं नुसती 'गैरहजर' दाखवली की त्यांचा माग सुटतो. हे तुमच्या टेबलावर बसून सुचत नाही.

मग स्क्रीन कागदावर काढा आणि पाच-सहा सेविकांना एकेकटीला द्या. "या मुलीची नोंद करा" एवढंच सांगून गप्प बसा. बोट कुठं अडतं ते लिहून घ्या, मध्येच मदत केलीत की चाचणी वाया गेली. पुढची फेरी त्यांच्याच फोनवर, मेमरी भरलेली आणि नेट बंद ठेवून.

मुख्यसेविका, म्हणजे सेविकांच्या कामावर देखरेख करणारी, खोलीत नको, तिच्यासमोर कुणी तक्रार करत नाही. मुलांच्या आयांनाही विचारा, हे आधीच सांगायला हवं होतं. ओटीपी आईला मिळेल असं धरून चालू नका, घरात फोन एकच असतो आणि तो नवऱ्याबरोबर कामावर गेलेला असतो. महिनाअखेरीला अहवालांची घाई असते, तेव्हा बोलावू नका. आणि ज्या दिवशी बोलवाल, त्या दिवसाचे पैसे आणि एसटीचं भाडं त्याच दिवशी हातात द्या.