नर्सिंगच्या वर्गात खेळ कशासाठी?

प्रश्न : माझी मुलगी छत्रपती संभाजीनगरच्या एका खासगी महाविद्यालयात बी.एस्सी. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दोनदा नीट देऊनही एमबीबीएसला नंबर लागला नाही, म्हणून हा प्रवेश घेतला. वर्गात शब्दकोडी सोडवून घेतात, पत्ते खेळायला लावतात. मागच्या महिन्यात तर पेटीला आकड्यांचे कुलूप लावून ते उघडायला सांगितले, आत चॉकलेटे होती. तिच्या वहीतल्या त्या पानाची छायाप्रत जोडली आहे. एवढी फी भरून हा पोरखेळ? मुलगी खूश दिसते, पण तिथे काही शिकवत नाहीत असे माझे मत झाले आहे. नाव काढून तिला लातूरला पुन्हा नीटच्या बॅचला बसवावे का? नर्स म्हटले की स्थळेही नाक मुरडतात.
(एक पालक, कृषी सेवा केंद्र चालक, जि. परभणी)

उत्तर : आपले पत्र खेळांविषयीची तक्रार म्हणून वाचायला घेतले आणि शेवटच्या वाक्यापाशी थांबलो. स्थळांचा उल्लेख आपण जाता जाता केला असला, तरी नाव काढण्याचा विचार तिथूनच निघाला असावा आणि कुलूप, चॉकलेटे ही कारणे त्याला मागाहून सापडली असावीत, असे मला वाटते. तसे असेल तर महाविद्यालयाने उद्यापासून सगळे खेळ बंद करून दिवसभर टिपणे उतरवून घ्यायला सुरुवात केली, तरी आपले समाधान होणार नाही.

सबंध पत्रात मुलीचे म्हणणे एका शब्दाने आलेले नाही. ती खूश दिसते एवढी नोंद आपण केली आहे आणि तिलाही ‘पण’ जोडला आहे. जिने दोन वेळा निकालाच्या दिवशी घरातल्यांचे उतरलेले चेहरे पाहिले, ती मुलगी आता कुठे अभ्यासात रमू लागली असताना वडिलांना त्या रमण्याचाच संशय यावा, याची मला तिच्या गुणांपेक्षा जास्त काळजी वाटते. चेहऱ्यावर ताण दिसला तरच अभ्यास चालू आहे, ही समजूत आपल्याकडे शिकवणी वर्गांनी इतकी खोल रुजवली आहे की हसत घरी आलेले मूल काहीतरी चुकवून आले असणार, असे पालकांना वाटू लागते.

तिसऱ्या प्रयत्नाविषयी स्पष्टच लिहितो. 2024 मध्ये नीटला 23 लाखांहून अधिक विद्यार्थी बसले होते आणि एमबीबीएसच्या जागा देशभरात 1 लाखाच्या थोड्याच वर होत्या. या परीक्षेला कमाल वयाची अट नाही, त्यामुळे आणखी एक प्रयत्न करता येतो हे खरे. परंतु करता येतो म्हणून करावाच, असे होत नाही. दोन्ही वेळचे गुण आपण कळवलेले नाहीत, आणि गुण न सांगता तिसऱ्या प्रयत्नाचा सल्ला मागणाऱ्या पालकाने उत्तर बहुधा आधीच ठरवलेले असते. माझे उत्तर नाही असे आहे. मुलीने स्वतः मागितल्याशिवाय तिला हलवू नये.

आता त्या कुलपाकडे येऊ. छायाप्रतीवर दोन प्रश्न आहेत. पहिला असा की 500 मिलि सलाइन 8 तासांत द्यायचे आहे, सेटमधून 1 मिलिला 20 थेंब पडतात, तर मिनिटाला किती थेंब लावाल? 500 ला 20 ने गुणून 480 मिनिटांनी भागले की 20.8 येतात, म्हणजे 21 थेंब. दुसऱ्या प्रश्नात मेंदूत रक्तस्राव झालेला रुग्ण आहे. वेदना दिली तरच तो डोळे उघडतो, तोंडातून नुसता कण्हण्याचा आवाज येतो आणि दुखवल्यावर हात मागे ओढून घेतो. रुग्ण कितपत शुद्धीवर आहे हे मोजण्यासाठी 1974 मध्ये ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट या डॉक्टरांनी जी मोजपट्टी प्रसिद्ध केली, ती आज जगभर वापरली जाते. तिच्यात डोळ्यांना 4, बोलण्याला 5 आणि हालचालीला 6 असे जास्तीत जास्त 15 गुण असतात आणि कमीत कमी 3. या रुग्णाचे 2, 2 आणि 4 मिळून 8 होतात. 21 आणि 8 शेजारी ठेवले की कुलूप 218 वर उघडते.

आपल्या मुलीने आधी 219 लिहून खोडले आहे, हे आपण पाहिलेले दिसत नाही. हात मागे ओढण्याचे 4 गुण आणि दुखणाऱ्या जागेपर्यंत हात नेण्याचे 5. तिने 5 धरले, कुलूप उघडले नाही, तिने पुन्हा विचार केला. हा फरक आता ती सहसा विसरणार नाही, आणि तो कळण्यासाठी कोणत्याही रुग्णाला किंमत मोजावी लागली नाही. त्याहून महत्त्वाची ओळ पानाच्या कडेला लाल शाईत शिक्षिकेने लिहिली आहे : ‘8 आला. आता काय कराल?’ त्याखाली मुलीने लिहिले आहे की डॉक्टरांना ताबडतोब कळवीन, श्वासमार्ग मोकळा ठेवीन, सक्शन (घशातला स्राव ओढून काढण्याचे यंत्र) आणि ऑक्सिजन तयार ठेवीन, तोंडाने काहीही देणार नाही. कुलपाने बेरीज शिकवली. शुश्रूषा शिकवली ती या लाल ओळीने. ज्या शिक्षिका खेळ संपल्यावर असा प्रश्न विचारतात, त्यांच्या वर्गातून मुलीला काढून नेणे मला तरी पटत नाही.

खेळातून शिकणे म्हणजे अवघड गोष्ट सोपी करून भरवणे, हा मोठा गैरसमज आहे. वाचताना सगळे समजल्यासारखे वाटते. पुस्तक मिटून तेच आठवायला सांगितले की खरी अडचण सुरू होते, आणि चांगला खेळ ही अडचण मुद्दाम उभी करतो. अमेरिकेतील रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा पुन्हा वाचला, तर काहींनी वाचून झाल्यावर तो न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा नुसते वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. तो प्रयोग खेळांचा नव्हता, हेही सांगायला हवे. पण कोड्याच्या चौकटी भरताना किंवा कुलपाचे आकडे जुळवताना विद्यार्थी नेमके हेच आठवण्याचे काम करत असतो, आणि वॉर्डात रात्री दोन वाजता पुस्तक उघडायला वेळ नसतो.

पत्त्यांविषयी आपल्याच व्यवसायातले उदाहरण देतो. औषधांच्या बाटल्यांवरचे लाल, पिवळे, निळे आणि हिरवे त्रिकोण आपण रोज पाहता. समजा, कपाशीवर फवारणी करताना विषबाधा झालेला शेतकरी आला आहे. लाळ गळते आहे, अंग घामाने भिजले आहे, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या आहेत. हातमोजे घालणे, घशातला स्राव ओढून काढणे, ऑक्सिजन, भिजलेले कपडे काढणे, साबणपाण्याने अंग धुणे, डॉक्टरांच्या आदेशानुसार अ‍ॅट्रोपिन हे उताऱ्याचे औषध देणे, अशी एकेका कामाची पाने वाटली आणि चौघींना क्रम लावायला सांगितले, तर अंग आधी धुवायचे की श्वास आधी सांभाळायचा यावर हमखास वाद होतो. श्वास आधी, धुणे शक्य तितके त्याच्या बरोबरीने, आणि विषाचा अंश स्वतःच्या कातडीला लागू नये म्हणून हातमोजे सगळ्यात आधी. मग अ‍ॅट्रोपिन पुरेसे झाले हे कशावरून ओळखायचे, हा प्रश्न येतो. बाहुल्या मोठ्या झाल्या की पुरे, असे बऱ्याच मुली म्हणतात; पाहायचे असते ते छातीतला स्राव आटला का आणि नाडी सुधारली का. आपल्या गिऱ्हाइकांपैकी कुणावर ही वेळ आली, तर हा क्रम पाठ असलेली सिस्टर समोर असावी असेच आपल्याला वाटेल.

तरीही आपल्या शंकेत एक खरा प्रश्न दडलेला आहे, तो मी टाळत नाही. सगळे खेळ चांगले नसतात. शब्दकोड्यातून संज्ञा पाठ होतात, रुग्णाबाबत निर्णय घेता येत नाही. आणि वॉर्डातील नेमणुकीचे तास भरत नाहीत म्हणून वर्गात खेळ लावणारे महाविद्यालय असेल, तर ती सरळ फसवणूक आहे. म्हणून प्राचार्यांना भेटाल तेव्हा चॉकलेटांचा विषय काढू नका. मुलगी आठवड्यातले किती तास प्रत्यक्ष रुग्णांजवळ असते, ते रुग्णालय कोणते, तिथल्या खाटा खरोखर भरलेल्या असतात का, आणि तिच्या लॉगबुकात कोणती कामे कुणाच्या देखरेखीखाली झाल्याची सही आहे, एवढे विचारा. उत्तरे गुळमुळीत आली तर मलाही काळजी वाटेल, पण ती महाविद्यालयाविषयी असेल, नर्सिंगविषयी नाही.

पदवीनंतर एम्समधील नर्सिंग अधिकाऱ्यांच्या भरतीची नॉरसेट ही परीक्षा, राज्याच्या आरोग्य सेवेतील भरती, उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी किंवा एम.एस्सी., हे मार्ग आपल्याला ठाऊक असतीलच.

राहिला स्थळांचा प्रश्न. ज्या घराला सुनेची रात्रपाळी खुपते, त्या घराने आताच नाक मुरडले तर आपल्या मुलीचे काही नुकसान झाले असे मी मानत नाही; लग्नानंतर मुरडले असते तर मात्र तिला नोकरी सोडावी लागली असती. आपण स्वतः ‘मुलगी नर्स होते आहे’ हे पाहुण्यांसमोर आवाज खाली आणून सांगत असाल, तर पाहुणेही ते तसेच ऐकतील.

या उत्तराचे कात्रण मुलीला द्या आणि पुढचे पत्र तिला लिहू द्या. न दाखवता पाठव, असेही तिला सांगा. नीट पुन्हा द्यायची आहे असे तिने लिहिले, तर मी तिचे दोन्ही वेळचे गुण पाहून त्याचा गांभीर्याने विचार करीन.