जिंतूर भागात उभयलैंगिक (बाय, म्हणजे बाई आणि पुरुष दोन्हींची ओढ असणाऱ्या) लोकांसाठी संस्था नोंदवायची आहे, काय काय लागतं?

नोंदणीचं आधी उरकतो. किमान सात जण, १८६० चा संस्था नोंदणी कायदा, १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा आणि धर्मादाय कार्यालयाचे हेलपाटे. कागद कुठलाही जाणता वकील करून देईल. पण त्या कागदांवर सात जणांची खरी नावं आणि पत्ते येतात, आणि ती सरकारी नोंद होते. तुमच्या तालुक्यात आज असे सात जण आहेत का? तुम्ही स्वतः हा प्रश्न नाव झाकून विचारलाय. तेव्हा नोंदणी तूर्त बाजूला ठेवा. एखाद्या जुन्या महिला संस्थेच्या किंवा मानसिक आरोग्याचं काम करणाऱ्या संस्थेच्या आडोशाला बसून काम सुरू करा. पाटी नंतर लागते.

प्रश्नासोबत तुम्ही लिहिलेलं आणखी एक वाक्य मात्र मला सोडवत नाही. एका समलिंगी गटानं तुम्हाला सांगितलं, "वेगळं कशाला काढायलात, आमच्यातच या." हे मी पुष्कळ वर्षं ऐकतोय. आमच्यात या म्हणायचं, आणि दुसऱ्या बैठकीला "तुझं काय, तू पोरगी बघून लग्न करशील न मोकळा होशील" म्हणून हिणवायचं. तिसऱ्या बैठकीला तो पोरगा येत नाही. मग वर तोंड करून सांगायचं की बाय लोक टिकतच नाहीत. १७ ऑक्टोबर २०२३ ला सुप्रीम कोर्टानं समलिंगी विवाहाला मान्यता द्यायचं नाकारलं, तेव्हापासून तर या टोमण्याला धारच आलीय. बाईशी लग्न झालेला बाय पुरुष लग्नानंतरही बायच असतो, आणि त्याला बोलायला जागा सगळ्यात कमी असते. एकत्र चालत नाही असं नाही. मुंबईत १९९५ ला सुरू झालेला स्त्री संगम, आताचा लाबिया, लेस्बियन आणि बाय बायकांचा गट म्हणूनच उभा राहिला. तिथं दोघींचं नाव होतं. नुसतं "आमच्यातच या" म्हणजे आपलं नाव बाहेर काढून ठेवून आत या.

आता कामाचं. व्हॉट्सॲप ग्रुप काढू नका. ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो, नंबर ट्रूकॉलरला टाकला की आडनाव निघतं, आणि आपल्याकडं आडनावावरून गाव, जात, भावकी सगळं पाच मिनिटांत काढतात. टेलिग्राम घ्या. प्रायव्हसीमध्ये फोन नंबर 'नोबडी'वर, नंबरवरून शोधणं 'माय कॉन्टॅक्ट्स'वर, कॉन्टॅक्ट सिंक बंद, फोटो नाही, टोपणनावात गाव नाही. आणि लॉक स्क्रीनवरचा मेसेजचा मजकूर बंद करायला लावा. घरोघरी फोन चार हातांत फिरतो, बोंब बहुतेक वेळा तिथूनच होते. आत घेण्याआधी दोघांनी मिळून दहा मिनिटं आवाजी कॉलवर बोलायचं. फोटो किंवा आधार मागायचं नाही. फोटो मागणारा गट आणि ब्लॅकमेल करणारा भामटा यांत नव्या माणसाला फरक करता येत नाही.

पहिली बैठक परभणी शहरात घ्या, आपल्या तालुक्यात नको. नांदेड, जालना, परळी तिन्हीकडून रेल्वे आहे. रविवारी अकरा ते तीन. उशीर केला की बायका येणार नाहीत, त्यांना दिवेलागणीच्या आत घरी पोचायचं असतं. सहा ते आठ माणसं पुरे. लॉजवर ओळखपत्र द्यावं लागतं आणि बागेत टोळकी येऊन दम देतात, म्हणून संस्थेची खोलीच बरी. दारावर "मानसिक आरोग्य चर्चा" एवढंच लिहा, झेंडा-बिंडा नको. प्रवासखर्चाचा डबा ठेवा. एसटीत बायकांना मार्च २०२३ पासून निम्मं तिकीट आहे, पण कॉलेजच्या पोरांना पूर्ण तिकीट जड जातं. पेरणीच्या दिवसांत आणि लग्नसराईत बैठक ठेवलीत तर रिकाम्या खुर्च्या मोजाल.

नियम दोनच, पण कडक. "तुला जास्त कोण आवडतं" हा प्रश्न कुणी कुणाला विचारायचा नाही. आणि गटात जोडी जमवायची नाही, चालवणाऱ्यांनी तर अजिबात नाही. पुरुष जास्त असतात, दोघांनी लाळ घोटली की बायका उठून जातात आणि पुन्हा येत नाहीत. बायकांची बैठक वेगळी घ्या, ती बाईनंच चालवावी. लग्न झालेल्यांना "बायकोला सांगून टाक" म्हणू नका. लपवाछपवीत त्यांना साथही देऊ नका.

डॉक्टरांची यादी करताना आधी फोन करून विचारा: लग्नानं हे बरं होतं असं तुम्ही सांगता का? जरा चाचरले तरी नाव काटा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात कलम १८ नुसार लैंगिकतेवरून भेदभाव चालत नाही आणि कलम २३ नुसार गोपनीयता हा हक्क आहे. रात्री-बेरात्रीसाठी टेलिमानस, म्हणजे सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

सगळ्यात जास्त फोन ब्लॅकमेलचे येतील. पैसे द्यायचे नाहीत. पहिले पाच हजार गेले की दुसरी मागणी ठरलेली. चॅट पुसायचं नाही, नंबर, यूपीआय आयडी आणि वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट काढायचा. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३०, सायबर फसवणुकीची हेल्पलाइन. खंडणीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३०८ आहे, आणि एफआयआर कुठल्याही ठाण्यात घ्यावा लागतो, त्यामुळं ओळखीचा हवालदार असलेल्या आपल्या ठाण्यात जायची गरज नाही. "३७७ लावीन" (समलिंगी संबंध गुन्हा ठरवणारं जुनं कलम) ही धमकी पोकळ आहे. ६ सप्टेंबर २०१८ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर सज्ञानांनी संमतीनं खाजगीत केलेला संबंध गुन्हा नाही. मोफत वकील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणातून मिळतो (१५१००). बायकांना आणि अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्नाची अट नाही.

हे सगळं छोट्या गावांच्या हिशोबानं सांगितलंय, संभाजीनगरात एवढी झाकपाक लागणार नाही. सगळेच समलिंगी गट हिणवणारे नसतात, तुमच्याजवळचा चांगला असेल तर त्यांची खोली आणि डॉक्टरांची यादी बिनधास्त मागा. आणि १८ वर्षांखालच्या पोराला गटात घेऊ नका, पॉक्सोचं (बाललैंगिक अत्याचारविरोधी कायद्याचं) लफडं तुमच्याच गळ्यात येईल. त्याला १४४१६ आणि मुलांच्या हेल्पलाइनचा १०९८ हे दोन नंबर द्या.