चार संच, आणि खूण एकाच जागी

"दोन वर्षांत वाचनाचे चार संच आणले, ताई. तरी थोरली अडखळतेच. यांच्यापेक्षा चांगलं काय आहे तेवढं सांगा, म्हणजे मी मोकळी होईन."

एका आईने पहिल्याच भेटीत हे विचारलं. लहानशी शेती, राबणारे नवरा-बायको दोघंच. नऊ वर्षांची मुलगी, सहा वर्षांचा मुलगा, आणि दोन वर्षांपासून दोघांचं शिक्षण घरीच. ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत. पण प्रश्न जसाच्या तसा ठेवला आहे, कारण शेतावर राहून मुलांना घरी शिकवणाऱ्या जवळजवळ प्रत्येक कुटुंबाकडून तो मला येतो. पूर्वी मी लगेच साहित्याची यादी द्यायचे. आता आधी कपाट बघते.

भेट व्हिडिओवर होती. मी म्हटलं, "फोन कपाटापाशी न्या आणि चारही पुस्तकं जिथे खूण ठेवलीय तिथे उघडा." पहिल्यात खूण 31व्या पानावर होती. दुसऱ्यात 27, तिसऱ्यात 34, चौथ्यात 29. पुस्तकं सव्वाशे-दीडशे पानांची. चौथं पुस्तक उघडताना आईचा हात जरा थांबला. तिलाही ते तेव्हाच दिसलं असावं.

चारही पुस्तकं अक्षरओळख, बाराखडी, काना-मात्रा अशी सुरू होत होती आणि चारही वेळा जोडाक्षरं सुरू होण्याच्या जरा आधी सुटली होती. सोपा भाग मुलीने चार वेळा केला होता. अवघड भागाशी तिची गाठच पडली नव्हती.

मग मी मुलीला म्हटलं, "मला एक पान वाचून दाखवतेस?" तिने वाचलं. काना, मात्रा, वेलांटी, उकार, एकही चुकला नाही. 'सूर्य' मात्र 'सूय' झाला, 'प्रकाश'चा 'पकाश' झाला, 'गर्द' वाचताना ती 'गरम' म्हणाली आणि आईच्या तोंडाकडे पाहिलं. जोडाक्षर आलं की पहिलं अक्षर बघून अंदाज करायचा, ही सवय तिने स्वतःच शोधून काढली होती. हुशार मुलं असं करतात, आणि म्हणून त्यांची अडचण उशिरा लक्षात येते.

सगळ्यात आधी मी डोळे आणि कान तपासून घ्यायला सांगितलं. वाचनाची तक्रार घेऊन कुणीही आलं तरी मी हे सांगते, कारण जवळचं धूसर दिसणाऱ्या मुलाला तसं दिसतंय हे स्वतःला कळत नाही. त्याने दुसरं काही पाहिलेलंच नसतं. हिचं दोन्ही व्यवस्थित निघालं. एक गोष्ट त्याच वेळी ठरवून ठेवली: काही महिने क्रमाने, नेमाने सराव करूनही फरक पडला नाही, तर डिस्लेक्सियाची, म्हणजे वाचन शिकण्यातल्या विशिष्ट अडचणीची, रीतसर तपासणी करायची. 'होईल हळूहळू' म्हणत वर्षं घालवायची नाहीत.

आता खूण तिशीच्या पानाशीच का अडत होती? मी आईला विचारलं, "पहिलं पुस्तक सुटलं तेव्हा शेतात काय चाललं होतं?" तिला लगेच आठवलं. शेळ्या व्यायच्या होत्या. दुसऱ्या वेळी काढणी. तिसऱ्या वेळी वादळात कुंपण आडवं झालं. चौथ्या वेळी नवऱ्याची कंबर धरली आणि सगळी कामं तिच्या अंगावर आली. दर वेळी अभ्यासात तीन-चार आठवड्यांचा खंड. मग एके रात्री मुलं झोपल्यावर तिला वाटायचं, आपण मुलांचं नुकसान करतोय. ते पुस्तक समोर दिसलं तरी नको व्हायचं. नवा संच मागवला की दोन दिवस हलकं वाटायचं, आणि नवीन म्हणून सुरुवात पुन्हा पहिल्या पानापासून.

हे सांगताना ती रडली. मला ते रडणं महत्त्वाचं वाटलं. दोन वर्षं ती साहित्याची चूक शोधत होती, कारण दुसरा पर्याय स्वतःला दोष देणं हाच तिला दिसत होता. मी तिला सांगितलं की शेतावर खंड पडणारच. जनावर वेळापत्रक पाहून वीत नाही. खंड पडू नये म्हणून धडपडण्यापेक्षा खंडानंतर परत कसं यायचं, ते आधी ठरवून ठेवू.

इथे मला हर्मन एबिंगहाउसचा आधार वाटतो. विसरण्यावरचे प्रयोग या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच केले आणि 1885 साली ते प्रसिद्ध केले. त्याचा एक निष्कर्ष सगळ्यांना ठाऊक असतो: शिकलेलं सुरुवातीला भराभर विसरतं, मग विसरण्याचा वेग मंदावतो. दुसरा निष्कर्ष पालकांपर्यंत फारसा पोचत नाही. विसरलं असं वाटणारी गोष्ट पुन्हा शिकायला पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो. म्हणजे तीन आठवड्यांनी परत आलेलं मूल शून्यावर नसतं. त्याला पहिल्या पानावर नेऊन बसवलं तर त्याचा वेळ जातो आणि उत्साहही जातो.

म्हणून आम्ही ठरवलं: खंडानंतर पहिले दोन दिवस खुणेच्या मागची चार पानं वाचायची, तिसऱ्या दिवशी खुणेच्या पुढे जायचं. पहिल्या पानावर कधीच परतायचं नाही. आणि नवं पुस्तक आणायचं नाही. चारांपैकी एक निवडून बाकीची तीन माळ्यावर टाकायची.

कोणतं निवडायचं, यासाठी मी तिला प्रत्येक पुस्तकाचं मधलं पान उघडायला सांगितलं. वाचनाच्या किंवा गणिताच्या कुठल्याही साहित्याची माझी ही पहिली परीक्षा आहे, कारण पहिली दहा पानं सगळ्यांचीच गोड असतात. खरं कौशल्य अवघड जागी दिसतं. एका संचात सगळी जोडाक्षरं एकाच पानावर तक्त्यासारखी दिली होती. दुसऱ्यात चित्रं इतकी बोलकी की शब्द न वाचताच ओळ कळायची, आणि अंदाज करणाऱ्या मुलीला नेमकं तेच नको होतं. तिसऱ्याची रोजची तयारी पाऊण तासाची. धार काढून आलेल्या बाईने ती कधी करायची? चौथा दिसायला सगळ्यात साधा, काळा-पांढरा. पण त्यात आधी 'क्क', 'त्त' अशी जोड्यांची अक्षरं, मग अर्धं अक्षर लावलेली, मग 'प्र', 'क्र', आणि शेवटी रफार, असं एकेक करत नेलं होतं, आणि प्रत्येकानंतर त्याच अक्षरांचा छोटा उतारा. तोच ठेवला. रोज वीस मिनिटं, कोंबड्यांना दाणे टाकून झाल्यावर, ओट्यावर.

वडील या सगळ्यावर फारसे खूश नव्हते. ते म्हणाले, "ताई, शेत हीच शाळा आहे. मुलं कामात शिकतातच की." या विचारामागे मोठी परंपरा आहे. जॉन होल्ट या अमेरिकी शिक्षकाने 1977 साली घरी शिकणाऱ्या कुटुंबांसाठी मासिक सुरू केलं आणि 'अनस्कूलिंग', म्हणजे ठरीव अभ्यासक्रमाशिवाय मुलाच्या कुतूहलामागे जात शिकणं, हा शब्द रूढ केला. मुलाच्या कुतूहलावर त्याचा जो विश्वास होता, तो माझाही आहे. पण वाचन हे चालण्याबोलण्यासारखं आपोआप येणारं कौशल्य नाही. काही मुलं नुसतं बघून उचलतात, पुष्कळ मुलांना अक्षरामागून अक्षर दाखवावं लागतं. आणि मी वडिलांना असंही विचारलं की पाण्याची बादली शंभराव्यांदा वाहताना मूल नवीन काय शिकतं? ते काम असतं, घराला त्याची गरज असते, त्यात लाज नाही. पण त्याला अभ्यास म्हणायला नको.

त्यांनी बराच वेळ विचार केला. मग म्हणाले, "मग कुठल्या कामात शिकतात ते सांगा." हा प्रश्न मला फार आवडला.

ज्या कामात आधी अंदाज, मग मोजणी आणि शेवटी सांगणं असतं, त्यात शिकतात. बियाणं पेरण्याआधी 20 दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. 17 उगवले तर टक्के किती, आणि मग दाणे किती जास्त टाकायचे, हे मुलीलाच ठरवू द्या. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. 40 चौरस मीटरच्या छपरावर 12 मिलिमीटर पडला, तर 480 लिटर. टाकीत तेवढं साठलं का, नाही तर गेलं कुठे? नव्या गोठ्याचा कोपरा काटकोनात आणायला दोरीवर 3, 4 आणि 5 हातांचा त्रिकोण ताणा. शेंगवर्गीय रोप उपटून मुळांवरच्या गाठी भिंगाखाली कापा. आतून गुलाबी असल्या तर तिथले जिवाणू हवेतला नायट्रोजन बांधताहेत. यासाठी वेगळं साहित्य लागत नाही. भिंग, मोजपट्टी, वजनकाटा आणि एक वही पुरते.

वही का, तेही सांगितलं. शार्लट मेसन ही इंग्रज शिक्षिका मुलांकडून ऐकलेलं-वाचलेलं त्यांच्याच शब्दांत परत सांगून घेत असे. पुढे 2006 साली रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांच्या प्रयोगातही आठवडाभराने हेच दिसलं की पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा स्वतः आठवून पाहणाऱ्यांच्या लक्षात जास्त राहिलं. म्हणून रात्री जेवताना वडिलांनी विचारायचं: आज काय पाहिलंस? वही न उघडता. ही जबाबदारी मी मुद्दाम त्यांना दिली. आईच्या खांद्यावर आधीच खूप होतं.

पडद्यावरच्या साहित्याबद्दल फार बोललो नाही. त्यांच्याकडे नेट कधी असतं, कधी नसतं. नेटशिवाय चालणारं कोलिब्री नावाचं शिकण्याचं ॲप आहे, त्यात खान अकॅडमी या मोफत शिक्षण-संकेतस्थळाचे गणिताचे धडे एकदा उतरवून ठेवता येतात. स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठीसह अनेक भाषांत पातळीनुसार गोष्टी मोफत मिळतात, छापूनही घेता येतात. एवढंच सुचवलं, तेही जोडाक्षरांची घडी बसल्यावर. आणि आपल्या ठिकाणी घरी शिकवण्याबाबत नियम काय आहेत, नोंदणी किंवा परीक्षा लागते का, हे लिहून घ्यायला सांगितलं. ते काम दोन वर्षं राहून गेलं होतं.

सहा वर्षांच्या धाकट्यासाठी मी काहीच दिलं नाही. तो बहिणीच्या शेजारी बसून ऐकतो, तेवढं सध्या पुरे.

पाच महिन्यांनी पुन्हा भेटलो. मधे काढणी झाली होती, अठरा दिवस अभ्यास बंद होता. आईने न विचारता पुस्तक कॅमेऱ्यासमोर धरलं: खूण 96व्या पानावर. "परत आलो तेव्हा मागची चार पानं वाचली, आणि पुढे गेलो," ती म्हणाली. मुलगी अजून सावकाश वाचते. लांब शब्दाला थांबते. पण आईच्या तोंडाकडे पाहत नाही.

मुलीला मला दुसरंच काही दाखवायचं होतं. खुडूक कोंबडीखाली 12 अंडी ठेवली होती, त्यांची वही. सातव्या दिवशी अंधारात विजेरीवर अंडी धरून पाहिली होती. दहांमध्ये कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल रेषा, दोन स्वच्छ. ती दोन वेगळी काढली. 21व्या दिवशी नऊ पिल्लं. एक अंडं तसंच राहिलं, म्हणून वडिलांबरोबर 24व्या दिवशी फोडून पाहिलं होतं. त्याखाली तिने पेन्सिलीने लिहिलं होतं: 'आत पिल्लू होतं. गर्भ पूर्ण वाढला नाही. मला वाईट वाटलं.'

मी ते वाक्य तिला वाचायला सांगितलं. तिने वाचलं. 'गर्भ'वर आणि 'पूर्ण'वरही रफार बरोबर जागी होता.