शिलाईतली माया

रामबाग, इंदूर

प्रिय बेटा,
अनेक आशीर्वाद.

नोकरी लागल्याचे पेढे घेऊन आलीस, पण तुझ्या चेहऱ्यावर पेढ्यांचा आनंद दिसला नाही. आईने शेजारणीला सांगताना ‘कपड्यांच्या कंपनीत लागली’ एवढंच सांगितलं, दुकानाचं नाव गिळलं, ते तुला लागलं. निघताना चपला घालता घालता म्हणालीस, “काकू, चार वर्षं फॅशनचं शिकले आणि आता विजयनगरच्या स्वस्त दुकानासाठी माल निवडायचा. सगळं हजाराच्या आत.” घरात पाहुणे होते, मला नीट बोलता आलं नाही. म्हणून लिहिते आहे.

मला तुझा अभिमान वाटतो, अगदी मनापासून. आठ हजारांचा ड्रेस सुरेख करायला पैसा लागतो आणि तो गिऱ्हाइकाने दिलेलाच असतो. चारशे नव्व्याण्णवचा कुर्ता असा करायचा की देवासची मुलगी तो घालून मुलाखतीला जाईल आणि सहा महिन्यांनी तोच घालून कामावर जाईल, हे फार अवघड काम आहे. ते नीट करणारी माणसं थोडी आहेत. त्यांच्यात तू हवीस.

माझे वडील इथल्या एका मिलमध्ये मागावर होते. हुकुमचंद, मालवा, राजकुमार, स्वदेशी, कल्याणमल, एवढ्या मिलांचं हे गाव. तुमच्या पिढीला त्या अनंत चतुर्दशीच्या रात्री निघणाऱ्या झांक्यांपुरत्या, म्हणजे मिरवणुकीतल्या देखाव्यांपुरत्याच माहीत. वडील दुकानात गेले की कापडाचा कोपरा दोन्ही मुठींत धरून चोळायचे. पांढरी भुकटी झडली की ठाण परत. “कापड नाही, खळ विकतोय,” एवढंच म्हणायचे. मिल बंद पडली तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. घरात शिवणयंत्र होतं. लहान मुलींचे फ्रॉक शिवायला आणले, नगावर मजुरी.

त्या फ्रॉकांनी मला जे शिकवलं ते पुढे कुठल्याही ट्रेनिंगमध्ये मिळालं नाही. सुरुवातीला मी इंचाला बारा टाके घालत होते. नगामागे मजुरी पन्नास पैशांनी कापली गेली, तशी मी मशीनची चकती फिरवली आणि टाका लांब केला. इंचाला आठ. सुई तेवढ्याच वेळा खालीवर होते, पण कापड भराभर पुढे सरकतं, दिवसाला चार फ्रॉक जास्त निघतात. दिसायला फ्रॉक तोच. आणि माया, म्हणजे शिलाईच्या आत सोडलेलं जास्तीचं कापड? आईने मला शिकवलं होतं की वाढत्या अंगाच्या पोरीच्या फ्रॉकला दोन्ही बाजूंना बोटभर माया सोडायची, म्हणजे पुढच्या वर्षी उसवून मोठा करता येतो. आमच्याकडे येणाऱ्या तुकड्यांत ती माया कापतानाच गेलेली असायची. काठाचे धागे सुटू नयेत म्हणून ओव्हरलॉकची शिलाई मारली की झालं. असा फ्रॉक काखेत सुटला तर पुन्हा शिलाई मारायला आत कापडच नसतं. मग त्या पोरीच्या आईच्या हातात चिंधीच उरते.

आता तू टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसणार आहेस. पुरवठादाराकडून नगामागे तीन रुपये कमी करून आणलेस की वरचे लोक पाठ थोपटतील. त्याच दिवशी स्वतःला विचार, ते तीन रुपये निघाले कुठून? धाग्यातून, कापडाच्या वजनातून, मायेतून, की शिवणाऱ्या बाईच्या हातून? 24 एप्रिल 2013 रोजी ढाक्याजवळ सावरला राणा प्लाझाची इमारत कोसळली आणि 1100 हून जास्त माणसं गेली. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते, तरी कारागिरांना कामावर बोलावलं गेलं, कारण मालाची तारीख गाठायची होती. तिथे परदेशातल्या स्वस्त दुकानांचे कपडे शिवले जात होते. ती बातमी वाचली त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. दरासाठी घासाघीस जरूर कर, तो धंदा आहे. पण एकदा तरी कारखान्यात जाऊन ये, बायका बसतात कुठे आणि बाहेर पडायची दारं उघडी आहेत का, ते डोळ्यांनी बघ.

आता तुझा मुद्दा, स्वस्त दुकानात फॅशनचं काय काम?

अमेरिकेत 1962 या एकाच वर्षी तीन मोठी स्वस्त दुकानं सुरू झाली. मार्चमध्ये मिशिगनात केमार्ट, मेमध्ये मिनेसोटात टार्गेट, जुलैत अर्कान्सासमध्ये वॉलमार्ट. तिघांचाही मंत्र कमी भाव. टार्गेटची मालकी मात्र डेटन कंपनीकडे होती, आणि त्यांचं मोठं डिपार्टमेंट स्टोअर आधीपासून होतं. मांडणी, उजेड, रंग यांची सवय त्या घराला होती. मायकेल ग्रेव्हज या वास्तुविशारदाने इटलीच्या अलेस्सी कंपनीसाठी 1985 मध्ये एक किटली केली होती, तोटीवर लहानसा पक्षी, पाणी उकळलं की शीळ घालणारा. गाजली खूप, पण महाग. 1999 मध्ये टार्गेटने त्याच ग्रेव्हजकडून घरातल्या साध्या वस्तू करून घेतल्या आणि सामान्य भावात विकायला ठेवल्या. लोक त्या दुकानाचं नाव लाडाने फ्रेंच ढंगात ‘टार्झे’ असं उच्चारतात.

यातला हिशेब तू कागदावर मांडून बघ. चांगल्या डिझायनरला दोन लाख दिले आणि पन्नास हजार नग काढले, तर नगामागे चार रुपये पडतात. सुंदर गळा आणि कुरूप गळा शिवायला वेळ सारखाच लागतो. मोठ्या संख्येने विकणाऱ्या दुकानाला देखणेपणा महाग पडत नाही, उलट त्यालाच तो सगळ्यात स्वस्त पडतो. तरी वर्षानुवर्षं स्वस्त कपड्यांवर भडक फुलं आणि चमकी का येत राहिली? माल निवडणाऱ्यांनी ठरवून टाकलं होतं की कमी पैसेवाल्याला हेच आवडतं. मी काउंटरवर उभी राहिलेली आहे. झाबुआहून लग्नाच्या खरेदीला आलेली बाई चारशेच्या कुर्त्याचा रंग दुकानाच्या दिव्याखाली कधीच पसंत करत नाही, दाराशी नेऊन उन्हात बघते. पैसे मोजून आणलेल्या माणसाची नजर बारीकच असते.

नुसत्या देखणेपणावरही दुकान चालत नाही. घर सजवण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या मार्था स्ट्युअर्टचं नाव केमार्टने 1987 मध्येच आपल्याशी जोडलं होतं, आणि तिच्या चादरी-टॉवेल लोकांना आवडतही होते. पण दुकानं कळाहीन झाली, जाहिरातीतला माल फळीवर मिळेना, आणि जानेवारी 2002 मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. जपानच्या युनिक्लोचं उदाहरण मला जास्त पटतं. 1998 मध्ये त्यांची 1900 येनची फ्लीसची, म्हणजे मऊ उबदार कापडाची जाकिटं घरोघरी पोचली, आणि ‘स्वस्त म्हणजे टाकाऊ’ हा शिक्का बसायला नको म्हणून त्यांनी काय केलं, तर रंगाई, कताई, शिलाईत आयुष्य घालवलेले जपानी कारागीर चीनमधल्या कारखान्यांत पाठवले. ‘ताकुमी’ म्हणतात त्यांना. आमच्या वडिलांसारखी माणसं ती, चोळून कापड ओळखणारी.

आपल्याकडची गोष्ट तुझ्या डोळ्यांसमोरची आहे. मॅक्स या स्वस्त कपड्यांच्या साखळीने भारतातलं पहिलं दुकान 2006 मध्ये उघडलं ते मुंबई-दिल्लीत नाही, आपल्या इंदुरात. मला त्याचं फार अप्रूप वाटलं होतं, की कुणीतरी या गावाची नजर ओळखली. टाटांच्या ट्रेंटने 1998 मध्ये वेस्टसाइड सुरू केलं आणि हळूहळू दुसऱ्यांचे ब्रँड विकण्यापेक्षा स्वतःचा माल स्वतः ठरवायची पद्धत बसवली. 2016 मध्ये आलेल्या त्यांच्याच झुडिओने तीच पद्धत हजाराच्या आत आणली. सगळी किल्ली इथेच आहे. दुसऱ्याचा ब्रँड ठेवणारं दुकान फक्त भाव पाडू शकतं. स्वतःचा माल करणारं दुकान कापड, शिलाई, काज, बटण सगळं ठरवू शकतं, आणि मध्ये कमिशन घेणारे नसल्यामुळे वाचलेला पैसा कपड्यात घालू शकतं. घालेलच असं नाही. ते तुझ्यासारख्या माणसांवर आहे.

आणि हजाराच्या आत हे फक्त गिऱ्हाइकाच्या खिशामुळे नव्हतं. जुलै 2017 पासून जीएसटीत हजारापर्यंतच्या कपड्याला 5 टक्के आणि वर 12 टक्के होता, म्हणून सगळ्यांनी त्या रेषेखाली गर्दी केली. 22 सप्टेंबर 2025 पासून ती रेषा 2500 वर गेली, त्यापुढे 18 टक्के. आता मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणेल, ‘तोच कुर्ता 1199 ला लावू.’ तेव्हा विचार, वरचे दोनशे कापडात किती जाणार? उत्तर मिळाल्याशिवाय मान डोलावू नकोस.

रोजच्या कामाचं सांगते. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. ते काढायचा जीएसएम कटर स्वतः वापरायला शीक. तो शंभर चौरस सेंटिमीटरची चकती कापतो. ती वजनकाट्यावर ठेव, ग्रॅमला शंभराने गुण, झालं जीएसएम. सॅम्पलच्या वेळी टी-शर्ट 180 चा दाखवतात आणि माल 150 चा येतो, हाताला पटकन कळत नाही, काट्याला कळतं. कापडावर पेनाने पन्नास सेंटिमीटरचा चौकोन आख, धू, वाळव, पुन्हा मोज. दोन सेंटिमीटर कमी भरले म्हणजे चार टक्के आटलं. तेवढंच आटणार असेल तर मापात आधीच धरायला सांग. लॉट तपासताना वरवरचे चार नग बघून सही करू नकोस. एक्यूएल म्हणजे किती दोष चालवून घ्यायचे त्याचं ठरलेलं प्रमाण. 1201 ते 3200 नगांच्या लॉटला एक्यूएल 2.5 च्या नेहमीच्या तक्त्याप्रमाणे 125 नग काढायचे असतात. सातपर्यंत दोष चालतात, आठवा सापडला की लॉट परत. आणि ते 125 सगळ्या खोक्यांतून काढ, खालच्या खोक्यांतूनही.

आता माझ्या हातून घडलेलं. मी एका साखळी दुकानात होते, नाव नको. दिवाळीच्या तोंडावर मरून रंगाच्या कुर्त्यांचा लॉट आला. ओल्या पांढऱ्या रुमालावर घासून रंग बघायचा असतो, तो मी बघितला. रुमाल गुलाबी झाला. ट्रक उशिरा आला होता, शनिवार होता, खालून माल मागत होते. मी सही केली. पंधरा दिवसांनी एक बाई प्लॅस्टिकच्या पिशवीत ओला गोळा घेऊन आल्या. आमचा कुर्ता आणि त्यांच्या मुलाचा शाळेचा पांढरा शर्ट, एकाच बादलीत भिजवलेला. शर्ट गुलाबी. म्हणाल्या, “कुर्ता राहू द्या, तो मी वेगळा धुवीन. शर्टाचे पैसे द्या, पोराला सोमवारी शाळेत जायचंय.” नियमात कुर्ता परत घेऊन तेवढ्या रकमेची क्रेडिट नोट, म्हणजे आमच्याच दुकानात वापरायची पावती देता येत होती. शर्टासाठी काहीच नव्हतं, आणि शाळेचे शर्ट आम्ही विकत नव्हतो. क्रेडिट नोट त्यांनी घडी करून पर्समध्ये ठेवली आणि गेल्या. तो शर्ट मी स्वतः भरून द्यायला हवा होता. मला सुचलं तेव्हा त्या जिना उतरून रस्त्याला लागल्या होत्या. त्यानंतर मी नोकरी सोडेपर्यंत गुलाबी रुमालावर सही केली नाही, दोनदा भांडण झालं तरी.

एक गोष्ट राहिली, ट्रायल रूम. तिथे आरसा चांगला, उजेड पांढरा आणि समोरून, कडी लागणारी, पर्स ठेवायला खुंटी. मापं मोठ्या अंगाचीही ठेवायला भाग पाड. जी बाई एक्सएल घालून बघते, तिला ‘ताई, तुमच्या मापात नाही’ हे रोज कुठल्या ना कुठल्या दुकानात ऐकावं लागतं. तुमच्या दुकानात तिला ते ऐकावं लागू नये.

आईवर रागावू नकोस. सीतलामाता बाजारात तासभर घासाघीस करून कापड घ्यायचं आणि शिंप्याकडे टाकायचं, यात तिच्या पिढीची हौस होती. तुमचं दुकान तिने अजून आतून बघितलेलं नाही. पहिला पगार झाला की तिला घेऊन जा आणि तिच्या हाताने कपडा चोळून बघू दे.

रविवारी ये. येताना तुमच्या दुकानातला एक कुर्ता घेऊन ये, लेबल काढू नकोस. माझ्याकडे पट्टी आहे, भिंग आहे, उसवणी आहे. टाके मोजू, आत माया किती सोडली आहे ते बघू, आणि मग सोमवारी पुरवठादाराला काय सांगायचं ते ठरवू. पोहे मी करून ठेवते.

तुझी,
काकू