भाषेची पदवी घेतली, पण मला येते काय?

निकाल लागले की भाषा विषय घेऊन शिकलेली मुले माझ्याकडे समुपदेशनासाठी येऊ लागतात आणि बहुतेकांची चिंता एकच असते : नेट-सेट झाली नाही, प्राध्यापकाची जागा मिळाली नाही, तर इतकी वर्षे शिकून आमच्या हाती काय लागले? म्हणून एका मुलीशी अनेक भेटींत झालेले बोलणे, तिची ओळख पटणार नाही अशा बेताने, येथे मांडते.

एम.ए. मराठीच्या दुसऱ्या वर्षाला असलेली ही मुलगी म्हणाली, “मॅडम, बहिणीला हिशेब येतात, भावाला वायरिंग येते. मला फक्त वाचता येते, आणि ते तर सगळ्यांनाच येते.” जाहिराती वाचूनही ती अर्ज करत नसे. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 पासून मांडलेल्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीवर माझा विश्वास आहे; घटनेपेक्षा तिच्याविषयीची अविवेकी समजूतच माणसाला अधिक त्रास देते, असे ती मानते. नोकरीची चिंता खरी होती. ‘मला काहीच येत नाही’ ही मात्र समजूत होती, आणि कोणी धीर दिल्याने ती जाणारी नव्हती.

मी तिच्या प्रबंधिकेविषयी विचारले. विषय होता लीळाचरित्रातील, म्हणजे चक्रधरस्वामींच्या आठवणींच्या जुन्या मराठी गद्यग्रंथातील, काही लीळांचे (प्रसंगांचे) पाठभेद.

“दोन पोथ्यांत वेगवेगळे शब्द असले, तर कोणता स्वीकारायचा हे कसे ठरवतेस?”

ती प्रथमच मोकळेपणाने बोलू लागली. नक्कल करणारा अवघड शब्द सोपा करून टाकतो, म्हणून अवघड पाठ जुना असण्याची शक्यता अधिक. पण तेवढ्यावर विसंबून न राहता पोथीची परंपरा आणि त्या काळची व्याकरणरूपे पाहावी लागतात, आणि पुरावा अपुरा असेल तर दोन्ही पाठ नोंदवून निर्णय राखून ठेवावा लागतो.

“आणि मागाहून कोणी घातलेला मजकूर?”

“तो प्रक्षिप्त. त्याची भाषा बहुधा वेगळी पडते.”

“मग ‘मला काहीच येत नाही’ हे वाक्य तुझे मूळचे, की प्रक्षिप्त?”

ती बराच वेळ गप्प राहिली. मग सावकाश म्हणाली, “हे काकांचे आहे. मी कला शाखा घेतली तेव्हाचे.” पुढच्या भेटीला तिने त्या वाक्याच्या बाजूचे आणि विरुद्धचे पुरावे स्वतःच लिहून आणले. अशा वेळी समुपदेशकाने उत्तर पुरवण्याचा मोह आवरायचा असतो. तिचीच शिस्त तिच्या समजुतीला लावून पाहायला सुचवणे एवढेच माझे काम होते, आणि ते साधल्याचे समाधान मला आजही आहे.

भाषेचे विद्यार्थी अर्जात अभ्यासपत्रिकांची नावे लिहितात आणि केलेले काम वगळतात, असे मी वारंवार पाहते. ‘भाषाविज्ञान’ एवढेच लिहिण्याऐवजी किती मजकूर तपासला, कोणत्या बोलीच्या नोंदी घेतल्या, मुलाखती कशा उतरवल्या, हे लिहावे. संपादन, मुद्रितशोधन, अनुवाद, उपशीर्षके, ग्रंथालये आणि दप्तरखाने येथे हेच काम लागते. उणिवाही तितक्याच स्वच्छपणे मांडाव्यात, कारण कौशल्य कमी-अधिक ठरवता येते, माणसाची किंमत त्यावरून ठरत नाही. या मुलीला युनिकोडमध्ये वेगाने टंकलेखन येत नव्हते आणि इंग्रजी पत्रव्यवहाराची भीती वाटत होती. पहिली उणीव तिने सरावाने भरून काढली. दुसरीवर काम चालू असतानाच तिने एका प्रकाशनसंस्थेकडे मुद्रितशोधनासाठी अर्ज केला आणि त्यासोबत प्रबंधिकेतील पाठभेदांचा तक्ता जोडला.